ग्लस्टरच्या तीन प्रती खरंच तीन आहेत का, हे रोज कसं तपासायचं

एक सर्व्हर पडला तरी काम थांबू नये म्हणून आपण ग्लस्टरएफएस (अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच साठा दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून एकच डेटा तीन ठिकाणी ठेवतो. आणि काम थांबत नाही, म्हणूनच सर्व्हर पडल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या एकाच डिस्कवर डेटा असला की ती बिघडल्यावर पाच मिनिटांत फोन वाजतो. तीन प्रतींच्या व्हॉल्यूममधली (ग्लस्टरच्या अशा एका साठ्याला व्हॉल्यूम म्हणतात) एक प्रत गेली तर डॉक्टरांना स्कॅन दिसत राहतात, रिपोर्ट छापून जातात, सगळं सुरळीत चालतं. तक्रार येते ती दुसरी प्रत गेल्यावर, आणि तेव्हा हाताशी एकच उरलेली असते. म्हणून इथे तक्रारीची वाट बघून चालत नाही. ते काम मॉनिटरिंगवर सोपवावं लागतं.

मी मिरजेत एका स्कॅन सेंटरचे सर्व्हर सांभाळते. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा ग्लस्टरएफएसच्या व्हॉल्यूमवर असतात. सीटीची एक स्लाइस ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. आणि एका पेशंटच्या तपासणीत अशा शेकडो स्लाइस. म्हणजे लहान फायली, पण प्रचंड संख्येने. मुख्य व्हॉल्यूमचं नाव स्कॅन, तीन सर्व्हर, रेप्लिका ३, म्हणजे प्रत्येक फाइलच्या तीन प्रती. जुन्या तपासण्यांचा वेगळा व्हॉल्यूम आहे, तो आर्बिटरवाला. त्याचं पुढे सांगते. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

हिरवा दिवा नेमका कशाचा?

बरेच जण सिस्टिमसीटीएल कमांडने ग्लस्टरडी चालू आहे का ते बघतात, हिरवं दिसलं की पुढे जातात. ग्लस्टरडी फक्त व्यवस्थापन करतो: पोर्ट २४००७ वर बसून बाकीच्या सर्व्हरांशी बोलतो, ब्रिक (प्रत्येक सर्व्हरवरची डेटा ठेवायची जागा) सुरू-बंद करतो. डेटा देण्याचं काम प्रत्येक ब्रिकची स्वतंत्र ग्लस्टरएफएसडी प्रोसेस करते, आणि मागे राहिलेली प्रत भरून काढण्याचं काम सेल्फ-हील डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) करतो. ग्लस्टरडी मेला तरी ब्रिक चालू राहतात आणि डेटा मिळत राहतो. उलट ब्रिक मेली तरी ग्लस्टरडी हिरवाच दिसतो. तेव्हा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

पहिली कमांड ग्लस्टर पीअर स्टेटस. ही तिन्ही सर्व्हरांवर चालवा, एकावर नको. पहिल्याला दुसरा दिसतो, पण दुसऱ्याला तिसरा दिसत नाही, असं फायरवॉलच्या एखाद्या बदलानंतर सहज होतं.

दुसरी ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस स्कॅन. प्रत्येक ब्रिकसमोर पोर्ट, ऑनलाइन आहे की नाही याचं वाय किंवा एन, आणि प्रोसेसचा नंबर येतो. खाली प्रत्येक सर्व्हरच्या सेल्फ-हील डीमनची ओळ येते. स्क्रिप्ट लिहिताना इथे एक खड्डा आहे. बहुतेक जण आउटपुटमध्ये एन शोधतात. पण एखाद्या सर्व्हरचा ग्लस्टरडीच बंद असेल, तर बाकीच्या सर्व्हरवरून चालवलेल्या स्टेटसमध्ये त्याच्या ब्रिकची ओळ येतच नाही. एन नाही, म्हणजे स्क्रिप्टच्या मते सगळं ठीक! म्हणून एन शोधू नका, वाय मोजा. रेप्लिका ३ च्या एका संचाला ब्रिकच्या तीन आणि डीमनच्या तीन ओळी, सहाच्या सहा वाय हवेत. एक जरी कमी भरला तरी अलर्ट.

कमांडला दोन डॅश देऊन एक्सएमएल हा पर्याय लावा. साधं आउटपुट लांब नावांमुळे दोन ओळींत तुटतं आणि ऑक कमांडने कॉलम मोजणारी स्क्रिप्ट तिथेच चुकते.

हील-काउंट हीच नाडी

आता मुख्य गोष्ट. ग्लस्टरमध्ये प्रती करण्याचं काम सर्व्हर करत नाही, क्लायंट (व्हॉल्यूम वापरणारं मशीन) करतो. आमचा पॅक्स सर्व्हर (स्कॅनच्या प्रतिमा साठवून दाखवणारा) व्हॉल्यूम माउंट करतो, म्हणजे आपल्या फोल्डरसारखा जोडून घेतो, आणि प्रत्येक फाइल स्वतः तिन्ही ब्रिकवर एकदम लिहितो. एक ब्रिक भेटली नाही, तर उरलेल्या दोन ब्रिकवर फाइलच्या एक्सटेंडेड अॅट्रिब्यूटमध्ये (फाइलला जोडलेल्या जादा माहितीत) नोंद होते की अमक्या ब्रिकचं एवढं काम राहिलंय, आणि ब्रिकमधल्या .ग्लस्टरएफएस/इंडायसेस/एक्सॅट्रॉप या फोल्डरमध्ये त्या फाइलच्या जीएफआयडीची (ग्लस्टरमधल्या ओळख क्रमांकाची) एंट्री पडते. सेल्फ-हील डीमन दर ६०० सेकंदांनी, आणि पडलेली ब्रिक परत जोडली गेली की लगेच, हा फोल्डर चाळतो आणि राहिलेलं काम उरकतो.

म्हणजे व्हॉल्यूमची तब्येत एका आकड्यात मिळते: हील व्हायच्या राहिलेल्या एंट्री किती. तो पाहण्याचे दोन मार्ग. ग्लस्टर व्हॉल्यूम हील स्कॅन इन्फो प्रत्येक एंट्री तपासून फाइलचं नाव देतं. पण ते स्वतः एक क्लायंट बनून जोडलं जातं आणि फायली खूप असतील तर बराच वेळ घेतं. ऐन गर्दीत, हजारो स्लाइस हील होत असताना, दर मिनिटाला ते चालवलंत तर आजारी व्हॉल्यूमवर आणखी ओझं टाकाल. नेहमीच्या मॉनिटरिंगला ग्लस्टर व्हॉल्यूम हील स्कॅन स्टॅटिस्टिक्स हील-काउंट वापरा. ते फक्त एंट्री मोजतं आणि पटकन उत्तर देतं. इन्फो समरी तासातून एकदा पुरे. त्यात हील व्हायच्या, स्प्लिट-ब्रेनमधल्या (प्रतींचं आपसात जुळत नाही अशा) आणि हील चालू असलेल्या एंट्री वेगळ्या येतात.

ब्रिक बंद असेल तर हील इन्फोमध्ये तिच्यासमोर ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड असं येतं आणि एंट्रींच्या जागी नुसता डॅश. बऱ्याच स्क्रिप्ट हा डॅश शून्य समजून बेरीज करतात. संख्या मिळाली नाही, तर ती मिळाली नाही एवढंच म्हणायचं, आणि तोच अलर्ट.

हील-काउंट शून्य नाही म्हणून लगेच घाबरू नका. लिहिणं चालू असताना दोन-चार एंट्री क्षणभर दिसतात आणि जातात. सकाळी दहा ते एक, मशीन सलग चालू असताना, हे रोजचं आहे. बघायची ती आकड्याची दिशा. समजा ब्रिक परत आल्यावर आकडा १८४० होता, दहा मिनिटांनी १३१२, मग ५९०: उत्तम, हात लावू नका. १८४० चा अर्ध्या तासाने १८३८: डीमन अडकलाय किंवा ब्रिकपर्यंत पोचत नाहीये, त्या सर्व्हरवरचा ग्लस्टरएसएचडीचा, म्हणजे या डीमनचा, लॉग उघडा. आणि सगळ्या ब्रिक वाय, तरी आकडा दिवसभर ३० ते २०० मध्ये हलतोय, शून्याला टेकतच नाही: हा सर्वांत फसवा प्रकार, कारण स्टेटसमध्ये काहीच वावगं दिसत नाही.

त्या फसव्या प्रकाराचं उत्तर क्लायंटकडे असतं. एखाद्या क्लायंटला एकच ब्रिक दिसत नसेल तर तो दोनच ठिकाणी लिहितो, हील डीमन मागून तिसरी प्रत भरत राहतो, क्लायंट पुन्हा दोनच ठिकाणी लिहितो. सर्व्हरांचं आपसात छान चाललेलं असतं. ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस स्कॅन क्लायंट्स चालवा. प्रत्येक ब्रिकला किती क्लायंट जोडलेत ते येईल. तिन्ही ब्रिकचा आकडा सारखा हवा. एका ब्रिकला एक कमी असेल तर खालच्या यादीत कुठला आयपी गायब आहे ते बघा आणि त्या मशीनवरून त्या ब्रिकचा पोर्ट लागतो का ते तपासा. ब्रिकचे पोर्ट ४९१५२ पासून वरचे असतात आणि ब्रिक पुन्हा सुरू झाल्यावर पोर्ट बदलू शकतो, म्हणून फायरवॉलमध्ये एकेक पोर्ट उघडणं धोक्याचं. पूर्ण पट्टाच उघडा. ही क्लायंटची तुलना फार थोडे लोक करतात. मी तिला ब्रिकच्या स्टेटसइतकंच महत्त्व देते.

एक फाइल उघडून बघा

आकड्यांवर विश्वास बसायचा तर एकदा तरी आतली नोंद डोळ्यांनी वाचावी. हील इन्फोमधून एक फाइल निवडा, ब्रिकवर तिच्या जागी जा (माउंटवर नाही, प्रत्यक्ष ब्रिकच्या फोल्डरमध्ये, आणि फक्त वाचायला) आणि गेटएफअॅटर कमांडने सगळी अॅट्रिब्यूट हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) काढा. ट्रस्टेड.एएफआर.स्कॅन-क्लायंट-२ असं नाव आणि पुढे चोवीस अंकांचा आकडा दिसेल. ब्रिकची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे क्लायंट-२ ही व्हॉल्यूम इन्फोमधली तिसरी ब्रिक.

चोवीस अंकांचे आठ-आठचे तीन तुकडे करा. पहिला डेटाचा, दुसरा मेटाडेटाचा, तिसरा फोल्डरमधल्या नोंदींचा. ०००००००२, मग ०००००००१, मग आठ शून्यं असं दिसलं तर वाचायचं असं: माझ्या मते तिसऱ्या ब्रिकवर डेटाची दोन आणि मेटाडेटाचं एक काम बाकी आहे, नोंदींचं काहीच नाही. हाच आरोप पहिली आणि दुसरी दोन्ही ब्रिक तिसरीवर करत असतील तर भांडण नाही, हील होईल. पण पहिली तिसरीकडे बोट दाखवतेय आणि तिसरी पहिलीकडे, तर खरी प्रत कुठली हे ग्लस्टरला ठरवता येत नाही. तोच स्प्लिट-ब्रेन.

रेप्लिका ३ आणि क्लायंट-कोरम ऑटो असेल तर स्प्लिट-ब्रेन क्वचितच होतो, कारण तीनपैकी दोन ब्रिक भेटल्याशिवाय लिहूच दिलं जात नाही. तरी स्प्लिट-ब्रेनची संख्या शून्याच्या वर गेली की त्याच क्षणी अलर्ट, रात्र असो वा दिवस. सोडवायला मोठी फाइल, ताजा बदल किंवा ठरावीक ब्रिक असे पर्याय हील कमांडमध्येच आहेत. फेव्हरिट-चाइल्ड-पॉलिसी लावून ग्लस्टरलाच परस्पर निवड करू देता येते, पण मी ती लावत नाही आणि वैद्यकीय डेटावर कुणी लावू नये असं माझं ठाम मत आहे. पेशंटच्या स्कॅनची कुठली प्रत खरी, हे फायलीची वेळ किंवा आकार बघून यंत्राने ठरवायचं नसतं. दोन्ही प्रती बाजूला काढून माणसाने उघडून बघाव्यात.

ब्रिकखालची डिस्क

ब्रिक स्वतःची तब्येत दर ३० सेकंदांनी तपासते. डिस्कवर लिहिता-वाचता आलं नाही तर ब्रिकच्या लॉगमध्ये हेल्थ-चेक फेल्ड, गोइंग डाउन असा संदेश येतो आणि ती प्रोसेस स्वतःच बंद पडते. ब्रिक बंद दिसली की लगेच व्हॉल्यूम स्टार्ट स्कॅन फोर्स देऊन ती उठवायची सवय लोकांना असते. कमांड चांगली आहे, चालू ब्रिकना ती धक्का लावत नाही. पण आधी ब्रिकचा लॉग, मग डीमेसेज (कर्नलचे संदेश), मग स्मार्टसीटीएल (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद). स्मार्टमध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांची अॅट्रिब्यूट बघा: बदललेले सेक्टर, बदलायच्या रांगेत असलेले, आणि वाचताच न येणारे. मरायला टेकलेल्या डिस्कवर ब्रिक पुन्हा उठवली तर हीलचा सगळा भार त्याच डिस्कवर येतो.

जागेचा अलर्ट मी प्रत्येक ब्रिकवर ८० टक्क्यांना लावते. ग्लस्टर डीफॉल्टने शेवटची १ टक्का जागा राखून ठेवतो, त्यामुळे पूर्ण शंभराला पोचण्याआधीच लिहिणं थांबतं.

जागेइतकेच आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी नोंद) महत्त्वाचे, आणि आर्बिटरवाल्या व्हॉल्यूमला तर जागेपेक्षा जास्त. आर्बिटर ब्रिक फायलींची नावं आणि मेटाडेटा ठेवते, आतला डेटा नाही. त्यामुळे लोक तिला छोटीशी डिस्क देतात. आमच्यासारख्या लाखो छोट्या फायली असतील तर त्या डिस्कवर प्रत्येक फाइलचा आयनोड तयार होतोच. फाइलमागे ४ केबी हा सर्वसाधारण हिशेब धरावा. शिवाय एक्सएफएसवर १ टीबीपेक्षा लहान फाइलसिस्टिममध्ये आयनोडना डीफॉल्टने २५ टक्क्यांपर्यंतच जागा मिळते. डीएफ रिकामी जागा दाखवतो आणि नवी फाइल मात्र तयार होत नाही. डीएफ डॅश आय तिन्ही ब्रिकवर चालवा, आर्बिटरवर न चुकता. आणि हेही ध्यानात ठेवा की आर्बिटरवाल्या व्हॉल्यूममध्ये डेटाच्या प्रती दोनच असतात. तिथे एक ब्रिक गेली की अलर्टची निकड मुख्य व्हॉल्यूमपेक्षा जास्त.

एकदा लिहून वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या फायलींसाठी बिटरॉट (पडून असलेला डेटा नकळत खराब झाला तर पकडणारी सोय) चालू करा. फाइल बंद झाल्यावर १२० सेकंदांनी तिची सही (आतल्या डेटावरून काढलेला चेकसम) घेतली जाते आणि डीफॉल्टने दर पंधरवड्याला स्क्रबर ती पडताळतो. स्क्रब स्टेटसमधला खराब फायलींचा आकडा रोजच्या तपासणीत घ्या. जुन्या एमआरआयला कुणी दोन वर्षं हात लावत नाही. ती कुजली असेल तर पेशंट परत येण्याआधी कळायला हवं.

क्लायंटच्या बाजूने

सर्व्हरची बाजू कितीही चोख तपासली तरी क्लायंटला काय दिसतं ते वेगळं बघावं लागतं. प्रत्येक क्लायंटवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट: माउंटवर आपल्या होस्टच्या नावाच्या फाइलमध्ये आत्ताची वेळ लिहायची, आणि दुसऱ्या क्लायंटची फाइल वाचून ती पाच मिनिटांपेक्षा जुनी नाही ना ते बघायचं. स्वतःचीच फाइल वाचली तर ती कॅशमधून मिळून जाते, म्हणून दुसऱ्याची. त्यासाठी सगळ्या मशीनची घड्याळं क्रोनीने जुळलेली हवीत.

लिहिण्याआधी माउंटपॉइंट कमांडने माउंट जागेवर आहे का ते तपासाच. माउंट सुटलेलं असेल तर खालचा रिकामा लोकल फोल्डर वेळ आनंदाने लिहून घेतो आणि लिहिण्याची तपासणी पास होते. आणि प्रत्येक पायरीला टाइमआउट ६० लावा. ६० का, तर सर्व्हरची वीज गेली किंवा केबल निघाली की क्लायंट पिंग-टाइमआउटचे ४२ सेकंद वाट बघत थांबतो. एवढं थांबणं ग्लस्टरचं नेहमीचं वागणं आहे. त्याहून जास्त थांबला तर काहीतरी वेगळं बिघडलंय. टाइमआउट नसेल तर अडकलेल्या माउंटवर स्क्रिप्टवर स्क्रिप्ट साचत जातात.

अलर्ट कसे बांधावेत

आमच्याकडे प्रोमिथियस (आकडे गोळा करून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) आहे, आणि तो क्लस्टरबाहेरच्या चौथ्या मशीनवर आहे. ज्याची तपासणी करायची त्याच व्हॉल्यूमवर प्रोमिथियसचा डेटा ठेवू नये. एका सर्व्हरवरची स्क्रिप्ट आकडे काढून नोड एक्सपोर्टरच्या (सर्व्हरचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम) टेक्स्टफाइल कलेक्टरच्या फोल्डरमध्ये ठेवते: आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, मग नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट फाइल वाचली जात नाही. स्क्रिप्टच बंद पडली तर जुना आकडा तसाच राहून शून्य दाखवत बसतो, म्हणून त्या फाइलच्या वयावरही अलर्ट लावा.

ग्लस्टरच्या कमांड व्हॉल्यूमवर क्लस्टरभर लॉक घेतात. तिन्ही सर्व्हरवर क्रॉन एकाच मिनिटाला लावला तर अनदर ट्रान्झॅक्शन इज इन प्रोग्रेस अशी एरर येते आणि खोटे अलर्ट सुटतात. वेळा मागेपुढे करा.

फोन वाजवणारे अलर्ट मोजकेच: वायची संख्या पाच मिनिटं कमी, स्प्लिट-ब्रेन एक जरी, हील-काउंट अर्धा तास शून्याच्या वर आणि घटत नाही, क्लायंटची तपासणी सलग दोनदा नापास. जागा, आयनोड, स्मार्ट, क्लायंटच्या संख्येतला फरक हे सकाळी मेलवर आले तरी चालतात. रात्रपाळीच्या मुलाला दर रात्री उठवलंत तर खऱ्या रात्री तो फोन उलटा ठेवून झोपेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

सर्व्हर अपडेट करताना हा हील-काउंट सर्वांत जास्त कामी येतो. एक सर्व्हर रीबूट करून परत आला, ब्रिक वाय झाली, म्हणून लगेच दुसऱ्याला हात घालायचा नाही. पहिल्यावरचं काम भरून निघालेलं नसताना दुसरा बंद केला, तर मधल्या वेळेतल्या फायलींची ताजी प्रत फक्त तिसऱ्याकडे उरते. आकडा शून्य होऊन काही मिनिटं शून्यावर टिकला की मगच पुढचा.

ग्लस्टरवर आधारित रेड हॅटच्या व्यावसायिक उत्पादनाचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. नवीन उभारणी करणाऱ्यांपैकी बरेच जण सेफकडे (अनेक सर्व्हरवर डेटा ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर) जातात, दोनच सर्व्हर असतील तर डीआरबीडीकडे (एका सर्व्हरच्या डिस्कची प्रत दुसऱ्यावर ठेवणारं). तपासणीची रीत तीच राहते. सेफमध्ये हेल्थ ओके बघून थांबू नका, प्लेसमेंट ग्रुप (डेटाचे गट) सगळे अॅक्टिव्ह आणि क्लीन आहेत का आणि डीग्रेडेडचा (प्रती कमी पडलेल्यांचा) आकडा उतरतोय का ते बघा. तिथे ८५ टक्क्यांना जागेचा इशारा आणि ९५ ला लिहिणं बंद, हे डीफॉल्ट. डीआरबीडीमध्ये दोन्ही बाजू अपटूडेट हव्यात, आणि स्टँडअलोन दिसलं तर दोघांचं बोलणं तुटलंय आणि ते आपोआप जुळणार नाही.

हे सगळं लावून झालं की एकदा मुद्दाम तोडून बघा. रविवारी दुपारी, बॅकअप झाल्यावर (प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून एकदमच जाते) हील-काउंट शून्य असल्याची खात्री करा, स्टेटसमधून एका ब्रिकच्या प्रोसेसचा नंबर घ्या आणि ती किल करा. क्लायंटवरून थोड्या चाचणी फायली लिहा. पाच मिनिटं उलटली की फोन वाजायला हवा. कुणाच्या फोनवर, कुठल्या शब्दांत आला ते लिहून ठेवा. मग स्टार्ट फोर्स देऊन ब्रिक उठवा, हील-काउंट वर जाऊन शून्यावर येईपर्यंत बघा आणि त्याला किती वेळ लागला ते सर्व्हर रूमच्या वहीत तारखेसह नोंदवा. पुढच्या वेळी खरी ब्रिक पडली की आकडा उतरायला किती वेळ लागणं ठीक आहे, याचा अंदाज त्याच नोंदीवरून घ्यायचा आहे.